चार्जर दावणीला लावा: ठाणे-नवी मुंबईत चार्जिंगचं जाळं विणणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार साहेब, मॅडम,

हे पत्र नेमकं कुणाच्या टेबलावर पडायला पाहिजे ते मला धड कळलेलं नाही, म्हणून सगळ्यांनाच एकत्र लिहितेय. महापालिकेत बसून चार्जिंगच्या जागा ठरवणारे, सिडकोत प्लॉटचं बघणारे, महावितरणमध्ये लोड मंजूर करणारे आणि चार्जरच्या कंपन्यांमध्ये लॅपटॉपवर नकाशा उघडून "इथे एक टाकूया" म्हणणारे, तुम्ही सगळेच. तक्रारवही उघडून बसलेले नाही, तशा तक्रारी करायच्या तर ॲपवर करता येतात आणि त्याचं पुढं काय होतं ते तुम्हालाही माहितीये. मला एकच गोष्ट सांगायचीय पण ती सांगायला जरा वेळ लागणारे.

मी कोपरखैरणेत राहते. सासरे एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, त्यांना मिळालेलं सिडकोचं घर, आता त्याच्यावर मजले चढलेत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, खाली भाडेकरू. कोपरखैरणे, घणसोली या भागात ज्यांनी पाय ठेवलाय त्यांना वेगळं सांगायला नको, घराला घर चिकटलेलं, गाड्या गल्लीत, आणि गल्लीत जागा ज्याला आधी मिळाली त्याची. मी महापेला एका कंपनीत अकाउंट्स बघते, दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. माझ्यानंतर सहा महिन्यांनी भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, जुनी सीएनजी विकून इलेक्ट्रिक टॅक्सी घेतली, कर्जावर. म्हणजे एकाच घरात दोन बॅटऱ्या आणि पार्किंग शून्य.

स्कूटर घेताना शोरूमवाल्याने विचारलं होतं, मॅडम घरी पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे ना? मी म्हटलं आहे. आहे की, वॉशिंग मशीनला आहे, दुसऱ्या मजल्यावर. स्कूटर खाली आणि बॅटरी फिक्स, काढता येत नाही. हे त्याने विचारलं नाही आणि मला सुचलं नाही.

तर पहिले चार महिने मी वायर सोडायची. रात्री जेवणं झाली की खिडकीतून वायर खाली, मिस्टर खाली उभे राहून पकडणार, पिन लावणार, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळणार, आणि सकाळी पाचला दूधवाला यायच्या आत वर ओढून घेणार कारण एकदा त्याच्या सायकलमध्ये अडकली होती. तुम्ही हसाल पण आमच्या एका गल्लीत हिरव्या नंबर प्लेटच्या, म्हणजे इलेक्ट्रिक, सतरा गाड्या आहेत, मी आणि मुलीने एका रविवारी रात्री मोजल्या, आणि त्यातल्या सहा गाड्यांना वरून वायर सोडलेली होती. गणपतीत तोरणं लावतात तशी गल्ली दिसते, फक्त ही तोरणं बारा महिने.

भावजींच्या गाडीचा प्रकार मात्र हसण्यासारखा नव्हता. स्कूटरचा चार्जर जेमतेम पाऊण किलोवॅट ओढतो, टॅक्सी साध्या पॉइंटवर लावली तरी सव्वातीन किलोवॅटच्या आसपास, म्हणजे चौदा-पंधरा अँपिअर, तेही सलग सात-आठ तास. त्यांनी पंचवीस मीटरची एक्स्टेंशन आणली, आठ-दहा मीटर लागली, बाकीची तशीच रिळावर गुंडाळलेली राहिली. रात्री अडीचच्या सुमाराला सासूबाईंना वास आला. गॅसचा नाही, रबराचा. उठून बघितलं तर बोर्डाची भोकं तपकिरी झालेली, पिन चिकटून बसलेली, आणि रिळ असं तापलेलं की हात लावता येईना. सकाळी इलेक्ट्रिशियन आला तो म्हणाला वहिनी, गुंडाळी उलगडून टाकायची असते, गुंडाळलेली वायर स्वतःच हीटर होते, आणि हा बोर्ड इस्त्रीसाठी असतो हो, रात्रभर गाडीसाठी नाही. त्या दिवसापासून सासूबाईंनी सांगितलं, घरातून गाडीला करंट द्यायचा नाही. त्यांचं काय चुकलं? घरात लहान मूल आहे.

तेव्हापासून भावजी बाहेर चार्ज करतात. आणि इथूनच तुमचं जाळं सुरू होतं.

जाळं वाढतंय हे मला दिसतं, उगाच खोटं कशाला बोलू. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं होती आणि त्यात महाराष्ट्र पहिला, ३,०७९. त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत देशाचा आकडा २५ हजारांच्या वर गेला, महाराष्ट्र ३,७२८ वर होता आणि कर्नाटक पुढे निघून गेलं होतं. म्हणजे वर्षाच्या आत देशात दुप्पट. चांगलंच आहे. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला, भावजी त्या दिवशी घरी पेढे घेऊन आले होते, खरंच. पण भावजी रात्री साडेअकराला घरातून निघतात आणि अडीचला परत येतात हे त्या आकड्यांत कुठंच दिसत नाही.

ती तीन तासांची गोष्ट सांगते. एका मॉलच्या बाहेर फास्ट चार्जर आहे, दोन गनचा, म्हणजे एका वेळी दोन गाड्यांना लागणारा. दिवसा तिथं जायची सोय नाही, एकतर भाडं असतं नाहीतर मॉलची गर्दी, आणि बऱ्याचदा पेट्रोलची गाडी आडवी लावून मालक सिनेमाला गेलेला असतो. म्हणून रात्री. रात्री सगळे टॅक्सीवाले हाच विचार करतात, म्हणून रात्री लाइन. भावजींचा नंबर तिसरा-चौथा. प्रत्येक गाडीला पाऊण तास ते तास, कारण ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग पडतो आणि पुढचा माणूस काही ऐंशीला उठत नाही, त्याचीही सकाळची पाचची ट्रिप असते. दोन्ही गनला गाड्या लागल्या की पॉवर वाटली जाते, मग अजून हळू. काच खाली केली तर डास, वर केली तर घाम, एसी लावला तर ज्यासाठी आलोय तीच बॅटरी जाते. भावजी म्हणतात वहिनी मी दिवसाला बारा तास गाडी चालवतो आणि तीन तास गाडीची राखण करतो. आणि युनिटला वीस-बावीस रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, घरच्या मीटरच्या जवळजवळ दुप्पट. मोबाईलमध्ये पाच कंपन्यांची पाच ॲप, प्रत्येकात शंभर-दीडशे रुपये अडकलेले. मी अकाउंट्सवाली आहे, मी हिशोब केला, भावजींचे ६४० रुपये असे वेगवेगळ्या वॉलेटमध्ये बसून आहेत, ना व्याज ना परत. असो.

एकदा रविवारी जेवताना हे सगळं चाललं होतं. सासरे गप्प ऐकत होते. ते साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातले, घरात बैलजोडी होती लहानपणी. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आरं पर ह्यो कसला येडेपना. बैलाला कुनी वाटंत थांबवून चारतंय व्हय? वाटंत पानी पाजत्यात. चारा रातच्याला, दावनीला बांधल्यावर."

साहेब, मला हे पत्र लिहायचं सुचलं ते या वाक्यामुळे.

तुम्ही सगळे चार्जरचा विचार पेट्रोल पंपासारखा करताय. गाडी आली, भरली, गेली. पेट्रोल असंच भरावं लागतं कारण पेट्रोल घरी येत नाही. वीज घरी येते, दुकानात येते, रस्त्यावरच्या खांबापर्यंत येते. गाडी दिवसातले वीस-बावीस तास कुठंतरी उभीच असते, टॅक्सीसुद्धा सात-आठ तास उभी असते. ती जिथं उभी असते तिथं वीज न्यायची सोडून आपण तिला विजेकडे पळवतोय, आणि तेही झोपेच्या वेळेला. हायवेवर फास्ट चार्जर पाहिजेच, पुण्याला जाताना खालापूरला माणूस रात्रभर थांबणार नाही, ते वाटेतलं पाणी झालं. विमानतळावर पाहिजे, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईतूनही विमानं सुटायला लागली, टॅक्सीवाल्याला दोन ट्रिपांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं टेकवायला पाहिजे. पण गावातल्या गावात, गल्लीबोळात, रोजचं पोट भरायला फास्ट चार्जर हा उपाय नाही.

आणि तुमच्यापैकी बस चालवणाऱ्यांना हे पहिल्यापासून माहितीये! नवी मुंबईत एनएमएमटीच्या, ठाण्याला टीएमटीच्या इलेक्ट्रिक बसेस रात्री डेपोत उभ्या राहून चार्ज होतात. कुणी असं म्हटलं का की बस मॉलपाशी न्या आणि लाइनीत लावा? बसला दावण दिली. मग रिक्षाला, टॅक्सीला, डिलिव्हरीवाल्या पोरांच्या स्कूटरला का नाही?

इथं कुणीतरी म्हणेल की सोसायट्यांमध्ये लावतोय की. लावताय, बरोबर. माझी नणंद घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहते, त्यांच्या पोडियमला स्वतःच्या पार्किंगमध्ये पॉइंट आहे, वेगळं मीटर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे नियम बदलले त्यात गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं हे स्पष्ट आलं, महानगरांत नवीन कनेक्शनची मुदतही सात दिवसांवरून तीन दिवसांवर आली. सोसायटीवाल्यांची कमिटीशी भांडणं असतात, एनओसीवरून वगैरे, पण निदान भांडायला कमिटी तरी आहे. नणंद वर्षातून फार तर चार वेळा बाहेरचा चार्जर वापरते, गावाला जाताना. आणि तिच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत बाहेरचे चार्जर किती, तर मला मोजून कंटाळा आला. म्हणजे ज्यांच्या घरात विहीर आहे त्यांच्याच दाराशी नळ. आमच्या माथाडी वस्तीत, घणसोली गावठाणात, तिकडं ठाण्यात किसननगरला, लोकमान्यनगरला, कळव्याला, जिथं लोकांना स्वतःचं पार्किंगच नाही आणि गाडी रोजीरोटीची आहे, तिथं एखादा चार्जर शोधून दाखवा.

का असं होतं तेही मला थोडंफार कळायला लागलंय. ऊर्जा मंत्रालयाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, शहरात तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटरच्या चौकोनात निदान एक स्टेशन. सप्टेंबर २०२४ मध्ये नवीन आली, त्यात २०३० पर्यंत एक बाय एकचा चौकोन. ऐकायला छान आहे. पण चौकोन जमीन मोजतो, माणसं मोजत नाही. एक चौकोन पाम बीच रोडच्या कडेचा, अर्ध्यात खारफुटी आणि खाडी, आणि एक चौकोन कोपरखैरणेचा, दोघांना सारखाच एक ठिपका. आणि तो ठिपका कंपनी कुठं टाकणार? जिथं जागा पटकन मिळते, लाइट आहे, वॉचमन आहे, म्हणजे मॉल नाहीतर मोठ्या रस्त्यावरचं हॉटेल. टार्गेट पूर्ण, नकाशा हिरवा. कंपनीला मी दोष देत नाही, तिला नकाशा दाखवायला सांगितलं, तिने दाखवला.

इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेचं पण बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, त्यात चार्जरसाठी २,००० कोटी. चारचाकींसाठी २२,१०० फास्ट चार्जर, बसेससाठी १,८००, आणि दुचाकी-तीनचाकींसाठी ४८,४००. म्हणजे सरकारलाही माहितीये की दुचाकी-तीनचाकीची गरज चारचाकीच्या दुपटीहून जास्त आहे. पण शब्द तिथंही फास्टच. अहो माझ्या स्कूटरला तीन युनिट लागतात, तिला फास्ट कशाला पाहिजे, तिला रात्रभर वेळ आहे.

आता हिशोब, माझ्या धंद्यातला. एक ६० किलोवॅटचा फास्ट चार्जर जेवढा लोड मागतो तेवढ्या लोडमध्ये सव्वातीन किलोवॅटचे अठरा साधे पॉइंट बसतात. भावजींच्या गाडीची बॅटरी पंचवीस-सव्वीस युनिटची, साध्या पॉइंटवर रात्री अकरा ते सकाळी सात, भरली. म्हणजे तेवढ्याच लोडवर एका रात्रीत अठरा टॅक्स्या भरल्या आणि अठराच्या अठरा ड्रायव्हर घरी झोपले. फास्ट चार्जर कागदावर तेवढीच वीज देऊ शकतो, पण त्यासाठी पहाटे तीनला आणि चारलापण कुणीतरी गाडी बदलत राहायला पाहिजे, आणि या छोट्या गाड्या ६० किलोवॅट ओढतही नाहीत, वीस-पंचवीसच्या वर जात नाहीत. खर्चाचं तर बोलूच नका, फास्ट, म्हणजे डीसी चार्जर लाखांत जातो, साधा पॉइंट हजारांत. आपल्याच देशात २०२१ मध्ये हलक्या गाड्यांसाठी स्वस्त एसी (म्हणजे घरी येतो त्याच साध्या करंटच्या) चार्ज पॉइंटचं स्टँडर्ड तयार झालं, तीन किलोवॅटपर्यंत, मोबाईलवरून चालू-बंद होणारा, आणि किंमत साडेतीन हजारांच्या आत ठेवायची असं टार्गेट होतं. जिथं पंधरा अँपिअरची लाइन जाते तिथं बसतो. तेव्हा पेपरात वाचून मला वाटलं होतं आता किराणा दुकानाबाहेरही हे दिसणार. मला आमच्या सेक्टरमध्ये एक दाखवा.

किराणा दुकानावरून आठवलं. माझी स्कूटर सध्या कुठं चार्ज होते सांगू? बाजूच्या एका रेल्वे स्टेशनबाहेर पार्किंगजवळ एकाचं छोटं दुकान आहे, नाव-गाव सांगणार नाही, उगाच त्याच्यामागे लागाल. त्याने दुकानाच्या भिंतीवर दोन बोर्ड मारलेत, चांगले जाड वायरचे, लोड जास्त झाला की आपोआप पडणारा एमसीबी लावून. वीस रुपये. सकाळी आठ-साडेआठला लोकं स्कूटर लावून ट्रान्सहार्बरची लोकल पकडतात, ठाण्याला नाहीतर वाशीला, संध्याकाळी सात वाजता येऊन घेऊन जातात. तो दिवसभर एक काढतो दुसरी लावतो, वहीत नंबर लिहितो, कुणाची झाली कुणाची राहिली. दिवसाला दहा-अकरा गाड्या. मी एकदा विचारलं, काका, हे कुणी शिकवलं? म्हणाला कुणी नाही ताई, एक बाई रोज विनवायची, मोबाईल चार्ज करू देताय तर स्कूटर का नाही. २०१८ मध्येच केंद्राने सांगून टाकलंय की चार्जिंग म्हणजे वीजविक्री नाही, सेवा आहे, त्याला लायसन्स लागत नाही. मीटर योग्य कॅटेगरीचं पाहिजे एवढंच, आणि ते त्याचं आहे का मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. पण एक वही आणि दोन बोर्डांवर तो माणूस जे चालवतोय ते तुमच्या पाच ॲपांना जमलेलं नाही.

आणि यात गंमत बघा. त्याच २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये लिहिलंय की चार्जिंग स्टेशनला सकाळी नऊ ते दुपारी चार, सोलरच्या वेळात, वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने द्यावी, बाकीच्या वेळात १.३ पट. इथला खरा दर शेवटी राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, पण दिशा कळली ना, दिवसा सोलर भरपूर तर दिवसा भरा. मग नऊ ते चार गाड्या कुठं असतात? एकगठ्ठा हजारोंनी एकाच जागी उभ्या असलेल्या, मालक गेलेला, कुणाला घाई नाही? ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरूळ, सगळ्या स्टेशनांच्या पार्किंगमध्ये. आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या आवारात. तुमच्या स्वस्त विजेची वेळ आणि आमच्या गाडीची उभं राहायची वेळ एकच आहे, फक्त मध्ये पॉइंट नाही. लग्न जमलंय, भटजी नाही.

रात्रीचं म्हणाल तर हो, रात्री महाग पडेल, मान्य. पण १.३ पट धरली तरी भावजी आज जे वीस-बावीस आणि वर जीएसटी देतात त्याच्या खालीच राहील आणि झोप मिळेल, त्याची किंमत अजून कुठल्या टॅरिफमध्ये धरलेली नाही.

तुमच्या अडचणी मला माहिती नाहीत असं समजू नका. एक म्हणजे ट्रान्सफॉर्मर. मे महिन्यात संध्याकाळी सगळे एसी चालू झाले की आमच्याकडं आधीच फ्यूज जातो, त्यात सात वाजता घरी येऊन सगळ्यांनी गाड्या लावल्या तर काय होईल ते मीच सांगते, सगळे अंधारात बसतील. म्हणून पॉइंट टायमरवर ठेवा, रात्री अकरानंतरच चालू होईल असा, आम्हाला काही फरक पडत नाही, सकाळी भरलेली मिळाल्याशी मतलब. दुसरं म्हणजे चोरी. फास्ट चार्जरच्या केबल तांब्यासाठी कापून नेतात हे ऐकलंय, पण साध्या पॉइंटला लटकती केबलच नसते, केबल आमची, फक्त आमचा चार्जर ठेवायला एक छोटी पेटी द्या, झाकणाला कुलूप लागेल अशी, कारण तो चोरीला गेला तर आम्हाला दहा-बारा हजारांचा फटका. तिसरं पाऊस आणि खाडीची हवा. आमच्याकडं गॅलरीच्या ग्रिलला दोन वर्षांत गंज चढतो, तर पितळी पिनांचं काय, म्हणून वर पत्रा आणि वर्षातून एकदा पावसाआधी कुणीतरी येऊन तपासणारा माणूस, मुंबईहून हुकूम सोडणारा नको, इथलाच. आणि दुचाकींच्या कंपन्यांची प्रत्येकाची पिन वेगळी, ते भांडण तुम्ही वर सोडवा, तोपर्यंत साधा तीन पिनांचा पंधरा अँपिअरचा सॉकेट दिलात तर सगळ्यांचं भागतं, चार्जर प्रत्येकाकडं आहेच.

जागा कुठली म्हणाल, तर फार शोधायची गरज नाही. सरकारी जमीन चार्जिंगला द्यायची तर युनिटमागे एक रुपया महसूल वाटा घ्यायचा अशी तरतूद मार्गदर्शक तत्त्वांतच आहे, म्हणजे जागेचं भाडं ही अडचण मोठी राहत नाही. फक्त टेंडरमध्ये एक ओळ घाला, की जेवढे फास्ट तेवढ्याच लोडचे साधे पॉइंटही लावायचे, आणि ते जिथं गाड्या रात्री उभ्या राहतात तिथं. तेवढ्या एका ओळीने अर्धं काम होईल. फ्लायओव्हरच्या खालच्या जागा आहेत, बाजाराच्या बाजूचे पार्किंग प्लॉट आहेत जे रात्री दहानंतर रिकामे पडतात, महापालिकेच्या शाळांची पटांगणं मी म्हणत नाही पण त्यांच्या कंपाउंडच्या बाहेरची भिंत आहे. एपीएमसीत दिवसभर टेम्पो उभे असतात, सासरे म्हणतात तिथं तर तुम्ही डोळे मिटून लावा, छोटा इलेक्ट्रिक टेम्पो माल उतरेपर्यंत तीन-तीन तास हलत नाही. आणि नवीन स्टेशनचं उद्घाटन करताना आकडा सांगाल तेव्हा किती चार्जर ते सांगू नका, किती गाड्या रात्री तिथं झोपतात ते सांगा. सहा महिन्यांनी परत सांगा.

आधी एकच गल्ली करून बघा म्हणते मी. कुठलीही, आमचीच असं नाही, घणसोलीची करा, किसननगरची करा. वीस पॉइंट, पत्रा, टायमर, एक माणूस. एक पावसाळा जाऊ द्या. नाही चालले तर काढून न्या, मी स्वतः दुसरं पत्र लिहीन की माझं चुकलं.

आत्ता पावणेबारा झालेत. भावजींचा फोन आला होता, आज नंबर पाचवा आहे, पुढच्या गाडीचं पेमेंट ॲपमध्ये अडकलंय. सासरे जागेच आहेत, त्यांना सांगितलं साहेब लोकांना तुमचं बैलाचं वाक्य कळवलंय म्हणून, तर म्हणाले काय उत्तर येतंय ते मला वाचून दाखव. तेव्हा उत्तर दिलंत तर मराठीत द्या, आणि जरा मोठ्या अक्षरात.

आपली,
कोपरखैरणेची एक स्कूटरवाली